‘टायटॅनिक’: ताटवाट्या अचूक, माणसं चुकलेली

जहाज बुडाल्यावर या चित्रपटाची नायिका रोझ लाकडी फळकुटावर पडून वर पाहते. १९९७ च्या मूळ प्रतीत तिला दिसणारं आकाश खोटं आहे. तारे उत्तर अटलांटिकच्या त्या रात्रीचे नाहीत, आणि आकाशाचा एक अर्धा भाग म्हणजे दुसऱ्या अर्ध्याची आरशातली नक्कल आहे. नील डीग्रास टायसन या खगोलशास्त्रज्ञांनी ही चूक दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांच्या कानावर वारंवार घातली. २०१२ मध्ये चित्रपट थ्रीडीत पुन्हा प्रदर्शित करताना कॅमेरॉननी त्यांच्याकडूनच त्या रात्रीचं खरं आकाश मागवलं आणि तो शॉट बदलला. ऐतिहासिक अचूकतेसाठी या चित्रपटात झालेली ही एकमेव ठळक दुरुस्ती. बाकी सगळं होतं तसंच आहे.

म्हणून पहिली गोष्ट प्रतीबद्दल. चुका शोधायच्या इराद्याने तीन तास चौदा मिनिटं बसणार असाल, तर २०१२ नंतरची प्रत घ्या. जुन्या डीव्हीडीवर आकाश चुकीचं आहे, आणि अंधारातल्या दृश्यांत कपड्यांच्या कडा, दोरखंड, पाट्यांवरची अक्षरं नीट दिसत नाहीत. २०२३ च्या फोरके (4K, म्हणजे फार स्पष्ट चित्राच्या) प्रतीत तपशील सर्वांत जास्त उघडा पडतो, पण त्याची किंमतही मोजावी लागते. तळमजल्याच्या बोळातून पाण्याचा लोंढा मागे लागलेला असताना नायक जॅक आणि रोझ धावतात. तिथे धावणारे प्रत्यक्षात स्टंटवाले आहेत आणि नटांचे चेहरे त्यांच्यावर संगणकाने बसवलेले आहेत. पडदा जितका स्पष्ट, तितका तो जोड उठून दिसतो. १९९७ साली हे तंत्र नवं होतं, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

कंटिन्युइटीच्या, म्हणजे एका शॉटमधला तपशील दुसऱ्याशी न जुळण्याच्या, चुकांत सर्वांत गाजलेली चूक रोझच्या गालावरच्या तिळाची. साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर ती मोटारीतून उतरते, टोपीखालून चेहरा वर करते, तेव्हा तीळ एका गालावर असतो आणि पुढे चित्रपटभर दुसऱ्या गालावर. बहुतेक याद्या ‘मेकअपवाल्याचा निष्काळजीपणा’ एवढ्यावर थांबतात. त्यामागची बांधणी कळली की ही चूक फार वेगळी दिसते.

मेक्सिकोत रोसारितोजवळ समुद्रकाठी जवळजवळ मूळ आकाराचं जहाज उभारलं होतं, पण पूर्ण बांधलेली होती ती फक्त त्याची उजवी बाजू. डाव्या बाजूला बव्हंशी सांगाडा होता. उजवीच निवडली, कारण तिथला नेहमीचा वारा धुराड्यांचा धूर मागच्या बाजूला नेईल अशा दिशेने जहाज ठेवायचं होतं. धूर पुढे गेला असता तर चालत्या जहाजाचा भासच मोडला असता. आता अडचण अशी, की १० एप्रिल १९१२ रोजी खरं ‘टायटॅनिक’ साउदॅम्प्टनच्या धक्क्याला डाव्या बाजूने लागलेलं होतं. निरोपाचा सगळा प्रसंग डाव्या बाजूला घडतो आणि बांधलेली आहे उजवी. मग धक्क्यावरचे शॉट उजव्या बाजूलाच घेऊन फिल्म आरशासारखी उलटी करायची, असं ठरलं. त्यासाठी धक्क्यावरच्या पाट्या, सामानावरची नावं, खलाशांच्या टोप्यांवरची ‘व्हाइट स्टार लाइन’ ही अक्षरं मुद्दाम उलटी करून घेतली, म्हणजे पडद्यावर ती सुलटी वाचता येतील.

असं काम करताना नेमकं काय निसटतं, ते पाहण्यासारखं आहे. अक्षरं सहसा चुकत नाहीत, कारण ती सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतात. निसटतात त्या शरीराच्या आणि सवयीच्या गोष्टी: केसांचा भांग, कोटाच्या बटणपट्टीची बाजू, घड्याळाची साखळी कोणत्या खिशात जाते, सलाम कोणत्या हाताने. प्रत्येक शॉटसाठी ‘हा उलटणार आहे की नाही’ याची नोंद ठेवावी लागते. त्यातही एखादा शॉट उलटायचा म्हणून तयार केला आणि संकलनात तसाच वापरला, किंवा याच्या उलट झालं, की तीळ उडी मारतो. तिळाची चूक याच गोंधळातून आली असावी, हा तर्क आम्हाला सर्वांत पटतो. शेकडो माणसांच्या गर्दीचा प्रसंग उलटा चित्रित करून एवढीच खूण मागे राहिली असेल, तर त्या विभागाला दाद द्यायला हवी.

उलटवण्याची हीच युक्ती आणखी एका ठिकाणी आहे, आणि ती साफ पचली आहे. जॅक रोझचं चित्र काढतो तेव्हा कागदावर कोळसा फिरवणारे हात लिओनार्डो डिकॅप्रिओचे नाहीत, खुद्द कॅमेरॉन यांचे आहेत. कॅमेरॉन डावखुरे, जॅक उजव्या हाताने काढणारा, म्हणून हाताचे शॉट उलटवले. नीट पाहिलं तर हाताची त्वचा विशीतल्या पोराची वाटत नाही, एवढंच.

ज्यांना चुका म्हणून मिरवलं जातं पण ज्या चुका नाहीतच, त्यांतली सुकाणूची सर्वांत महत्त्वाची. हिमनग समोर दिसताच पहिला अधिकारी मर्डॉक ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’ असा हुकूम देतो. स्टारबोर्ड म्हणजे उजवी बाजू, आणि जहाज मात्र डावीकडे वळतं. दर काही महिन्यांनी कुणीतरी ही ‘घोडचूक’ नव्याने शोधून काढतं. वस्तुस्थिती अशी, की १९१२ साली ब्रिटिश जहाजांवर हुकूम सुकाणूच्या दांड्याला उद्देशून दिला जाई. शिडाच्या जहाजांपासूनची ती रीत. दांडा उजवीकडे गेला की सुकाणूचं पातं डावीकडे जातं आणि नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, डावीकडे वळते. ब्रिटिश जहाजांवर ही पद्धत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बदलली. मचवा हाकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही, दांडा एकीकडे आणि नाळ दुसरीकडे हे तो रोज करतो. चित्रपटाने इथे प्रेक्षकाला सोपं जावं म्हणून हुकूम बदलला नाही, ही त्याची कमाई.

दुसरा आक्षेप अवशेषांतल्या तिजोरीत सापडणाऱ्या, जॅकने काढलेल्या चित्राचा. चौऱ्याऐंशी वर्षं समुद्रतळाशी कागद टिकेल कसा? टिकतो. ‘टायटॅनिक’च्या अवशेषांतून वर काढलेल्या चामडी पिशव्यांत खरोखरच कागद वाचण्याजोग्या अवस्थेत सापडले आहेत, कारण कमावलेल्या चामड्यातली टॅनिनची रसायनं सूक्ष्मजीवांना मानवत नाहीत. चित्र चामडी बस्त्यात ठेवलेलं दाखवलं आहे, ते जाणून केलेलं आहे.

तिसरा आक्षेप, जॅकचं नाव कोणत्याही यादीत कसं नाही. तो पत्त्यांत जिंकलेल्या तिकिटावर, दुसऱ्याच्या नावाने चढतो. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची आरोग्यतपासणी होत असे, तोही प्रश्न दारावरचा अधिकारी विचारतो आणि जॅक थाप मारून आत शिरतो. पटकथेने ही फट आधीच बुजवली आहे. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या दफनभूमीत ‘जे. डॉसन’ नावाचा दगड आहे आणि लोक तिथे फुलं वाहतात. तो जोसेफ डॉसन, बॉयलरखान्यात कोळसा पुरवणारा कामगार. जॅकशी त्याचा काही संबंध नाही.

हिमनगाने केलेल्या जखमेबद्दलही चित्रपट बरोबर आहे. जहाजाच्या कुशीत लांबच लांब चीर पडली, ही समजूत कित्येक दशकं चालली. प्रत्यक्षात रिबिटांचे सांधे ठिकठिकाणी उघडले. बांधणाऱ्या कंपनीचे एडवर्ड वाइल्डिंग यांनी चौकशीत हिशेब मांडून सांगितलं, की सगळ्या फटी मिळून साधारण बारा चौरस फूट भरतील. एखाद्या खिडकीएवढी जागा, पण सहा कप्प्यांवर विखुरलेली. चित्रपटाच्या सुरुवातीला संशोधन-जहाजावरचा बोडीन संगणकावर हेच दाखवतो.

काळाच्या चुका मात्र आहेत, आणि त्या बहुतेक संवादांतून घुसल्या आहेत. लहानपणी विस्कॉन्सिनमधल्या लेक विसोटावर बर्फ फोडून मासे पकडल्याचं जॅक सांगतो. तो तलाव धरण बांधल्यावर तयार झाला, १९१७ च्या सुमारास. म्हणजे जॅक बुडाल्यानंतर पाच वर्षांनी. गाव बरोबर निवडलं, नकाशाही पाहिला, पण तो आजचा पाहिला. संशोधन करणाऱ्यांची ही नेहमीची ठेच आहे: ठिकाण तपासतात, ठिकाणाचं वय तपासत नाहीत. जॅक सांगतो त्या कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या धक्क्यावरच्या रोलरकोस्टरचंही तेच. धक्का १९०९ चा, पण तिथला रोलरकोस्टर १९१६ चा. शेजारच्या व्हेनिसचं नाव घेतलं असतं तर वाक्य निभावलं असतं.

रोझच्या खोलीत पिकासोचं ‘दमोआझेल दाव्हिन्यों’ दिसतं. ते चित्र १९०७ चं खरं, पण लोकांसमोर पहिल्यांदा आलं १९१६ मध्ये, आणि आज ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भिंतीवर सुखरूप आहे. समुद्रात बुडालेलं चित्र संग्रहालयात कसं, हा प्रश्न पडणारच. हेतू कळतो: रोझची नजर काळाच्या पुढची आहे, हे एका फ्रेममध्ये सांगायचं. तेवढ्यासाठी पिकासोच्या त्या वर्षांतलं एखादं कमी प्रसिद्ध चित्र चाललं असतं. शेवटी वाचलेल्यांना घेऊन ‘कार्पेथिया’ ही बोट न्यूयॉर्कला पोहोचते तेव्हा स्वातंत्र्यदेवतेच्या हातातली मशाल सोनेरी ज्वालेची दिसते. ती ज्वाला १९८६ च्या डागडुजीत बसवलेली. १९१२ ची मशाल तांब्याची, खिडक्या कापलेली होती.

आणि त्या रात्रीचा उजेड. १७ एप्रिल १९१२ रोजी सूर्यग्रहण होतं, म्हणजे अमावास्या दोन-तीन दिवसांवर आलेली. चौदा-पंधराच्या रात्री चंद्र नव्हता. जहाजावरचे दिवे गेले त्यानंतर वाचलेल्यांना दिसत होत्या त्या फक्त ताऱ्यांवर उमटलेल्या काळ्या आकृत्या. बुडणं नेमकं कसं झालं याबद्दल साक्षींमध्ये एवढा फरक पडला, त्याचं हे एक मोठं कारण. पडद्यावर मात्र सगळं निळसर उजेडात न्हालेलं आहे. जहाजावरचा एक अधिकारी लो प्रेतांमधून बोट फिरवताना विजेरीचा झोत टाकतो, तीही सोय चित्रीकरणाची. ही सूट आम्ही मान्य करतो. काळोखच दाखवला असता तर प्रेक्षकाला आवाजाखेरीज काही मिळालं नसतं.

वस्तूंच्या बाबतीत या चित्रपटाच्या जवळ जाणारे, जुना काळ दाखवणारे सिनेमे थोडे आहेत. गालिचे मूळ जहाजाला गालिचे पुरवणाऱ्या कंपनीकडून विणून घेतले. लाइफबोटी खाली सोडणाऱ्या कमानींसाठीही मूळ कारखानदाराच्या वारसांकडे गेले. यंत्रघरासाठी सान फ्रान्सिस्कोत उभ्या असलेल्या ‘जेरेमाया ओब्रायन’ या दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजाचं चालू वाफेचं इंजिन चित्रित केलं आणि संगणकाने माणसं लहान करून ते अवाढव्य भासवलं. चालणारा दट्ट्या, तेलाची चमक, वाफ, सगळं खरं आहे. मोठा जिना मूळच्या नमुन्यावर केला, पण आजची माणसं उंच म्हणून जरा रुंद, आणि आतून पोलादाने बळकट केला. पाणी सोडलं तेव्हा हा जिना जागचा सुटून वर तरंगला. बुडालेल्या जहाजात जिन्याच्या जागी नुसती पोकळ विहीर का आहे, याचं संभाव्य उत्तर त्यातून अभ्यासकांना मिळालं: खरा जिनाही बहुधा असाच उखडून वर गेला. देखाव्यातून इतिहासाला पुरावा मिळाल्याची उदाहरणं विरळाच.

जहाज दुभंगण्याचं दृश्य मात्र आता जुनं झालं आहे. १९१२ च्या चौकशांनी जहाज अखंड बुडालं असा निष्कर्ष काढला होता, तेही तुटताना पाहिल्याचं काही साक्षीदार सांगत असताना. १९८५ मध्ये अवशेष दोन तुकड्यांत सापडले आणि ते साक्षीदार खरे ठरले. त्यानंतर बारा वर्षांनी आलेल्या या चित्रपटात मागचा भाग खूप उंच उचलला जातो, मग मोडतो, धप्पकन पाण्यावर आदळतो आणि पुन्हा उभा होऊन सरळ खाली जातो. नंतरच्या गणितांनी मोडतानाचा कोन बराच कमी, पंचवीस अंशांच्या आत आणला. पोलाद त्याहून जास्त उचलेपर्यंत तग धरत नाही. कॅमेरॉननी पुढे स्वतः नमुन्यांवर प्रयोग केले. मागचा भाग जोरात आदळणं शक्य आहे आणि उभा बुडणंही शक्य आहे, पण दोन्ही एकाच वेळी नाही, असं त्यांनी मान्य केलं. म्हणजे दोनपैकी एक दृश्य चुकीचं आहे. आपलं काम तपासून पाहणाऱ्या दिग्दर्शकाची ही वृत्ती मोलाची वाटते, आणि म्हणूनच पुढची तक्रार अधिक जोरात करावीशी वाटते.

कारण माणसांच्या बाबतीत हीच काटेकोर नजर टिकलेली नाही.

विल्यम मर्डॉक हा खरा माणूस. स्कॉटलंडमधल्या डालबीटी गावचा, अनुभवी अधिकारी. चित्रपटात तो रोझचा श्रीमंत वाग्दत्त वर कॅल याला बोटीत जागा देण्यासाठी आपल्या खिशात पैसे घालू देतो, नंतर ते त्याच्या तोंडावर फेकतो, गर्दी आवरताना दोन प्रवाशांवर गोळी झाडतो आणि मग स्वतःवर. लाच ही शुद्ध कल्पना. त्या रात्री कोणा अधिकाऱ्याने गोळीबार करून आत्महत्या केल्याचं काही वाचलेल्यांनी पत्रांत लिहिलं आहे, पण तो अधिकारी कोण हे सिद्ध झालेलं नाही. दुसरा अधिकारी लाइटॉलर यांनी मर्डॉकच्या पत्नीला कळवलं, की शेवटची बोट सोडण्याच्या धडपडीत असताना जहाज खाली गेलं आणि ते पाण्यात पडले. डालबीटीच्या लोकांनी हरकत घेतल्यावर १९९८ मध्ये चित्रपटाच्या निर्मितीतल्या फॉक्स कंपनीचे अधिकारी स्कॉट नीसन तिथे जाऊन दिलगिरी व्यक्त करून आले आणि गावच्या शाळेतल्या मर्डॉक-स्मृती निधीला पाच हजार पौंड दिले. कॅमेरॉननीही नंतर खेद व्यक्त केला. चित्रपटात मात्र काहीच बदललं नाही. तारे बदलता आले, तर श्रेयनामावलीत एक ओळ घालणं अवघड नव्हतं. किंवा पहिल्यापासूनच त्या अधिकाऱ्याला काल्पनिक नाव देता आलं असतं. जॅक, रोझ, कॅल, लव्हजॉय सगळे काल्पनिकच आहेत. पोट भरण्यासाठी जहाजावर चढलेल्या आणि परत न आलेल्या माणसाचं खरं नाव वापरून त्याच्या माथी लाच आणि खून मारायचा, ही आमच्या लेखी या चित्रपटाची सर्वांत गंभीर चूक. तिळाच्या चुकीने कुणाचंच काही जात नाही.

तिसऱ्या वर्गाला कोंडणाऱ्या, जमिनीपासून छतापर्यंतच्या लोखंडी जाळ्यांची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. तशा सरकत्या जाळ्या जहाजावर होत्या, पण कर्मचारी आणि सामानाच्या भागात. प्रवाशांच्या वाटेवर त्या असल्याचा पुरावा नाही. उघड्या डेकवर कमरेएवढी फाटकं होती, आणि डॅनियल बकली या तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाने असं एक फाटक खलाशाने बंद केल्याची आणि लोकांनी ते मोडल्याची साक्ष अमेरिकी चौकशीत दिली आहे. वर्ग वेगळे ठेवण्यामागे अमेरिकेचे स्थलांतरविषयक कायदेही होते. तिसऱ्या वर्गातले साधारण चौथाईच लोक वाचले हे सत्य आहे, पण त्याची कारणं जास्त रोजची आणि म्हणून जास्त बोचरी आहेत: लांबचे जिने, इंग्रजी न समजणारी कुटुंबं, कुणीच वेळेवर न सांगणं. बंदूक रोखलेल्या जाळीपेक्षा हे दाखवायला अवघड, हे खरं.

चित्रपटात ही गोष्ट सांगणारी म्हातारी रोझ म्हणते, की वीस बोटी जवळपास तरंगत होत्या आणि फक्त एक परत आली. वीस बोटी होत्या, ११७८ माणसांच्या. पण शेवटच्या दोन घडीच्या बोटी नीट सोडताच आल्या नाहीत. एक उलटी वाहून गेली आणि तिच्या पाठीवर लाइटॉलर यांच्यासह तीसेक माणसं रात्रभर उभी राहिली. लो यांच्या चौदा नंबरच्या बोटीखेरीज चार नंबरच्या बोटीनेही पाण्यातून माणसं उचलली. परत फिरलेल्यांना एका वाक्यात पुसून टाकणं बरोबर नाही. पहिल्या वर्गातल्या मिसेस ब्राउन यांना ‘आम्ही सगळे मॉली म्हणायचो’ हेही तसंच. हयातीत त्या मार्गारेट किंवा मॅगी होत्या, ‘मॉली’ हे नाव त्यांच्यामागे चिकटलं. आणि बर्फात थांबलेलं, आकाशात उडालेले अग्निबाण ज्याच्यावरून दिसले ते ‘कॅलिफोर्नियन’ हे जहाज चित्रपटात नाहीच. त्या रात्रीचा सर्वांत मोठा ‘जर’ त्यामुळे गळून पडला.

नाळेच्या टोकावर हात पसरून उभं राहण्याचा प्रसंग, ज्याची नक्कल गेटवे ते एलिफंटाच्या लाँचवर आजही रोज होते, तोही प्रत्यक्षात घडू शकला नसता. जहाजाचा तो पुढचा भाग कर्मचाऱ्यांसाठी राखीव होता, प्रवाशांना मज्जाव होता. ही सूट देऊन टाकावी. तो प्रसंग नसता तर हा चित्रपटच नसता.

चुकांच्या कोणत्याही यादीत न सापडणारी एक गोष्ट मात्र सूट देण्याजोगी नाही: दुसरा वर्ग कुठे आहे? वर श्रीमंतांचं जेवण, खाली गरिबांचा नाच, मध्ये काहीच नाही. खऱ्या जहाजावर दुसऱ्या वर्गाचे पावणेतीनशेच्या वर प्रवासी होते. शिक्षक, दुकानदार, पाद्री, अभियंते. ब्रिटिश चौकशीच्या तक्त्यात पहिल्या वर्गातले ३३ टक्के पुरुष वाचले, तिसऱ्या वर्गातले १६ टक्के, आणि दुसऱ्या वर्गातले फक्त ८ टक्के. प्रमाणाने सर्वांत जास्त मारले गेले ते हे मधले पुरुष, बायकामुलांना बोटीत बसवून मागे थांबलेले. वरचे विरुद्ध खालचे अशी मांडणी करायची म्हटल्यावर हा आकडा अडचणीचा ठरतो, आणि पटकथेने तो वर्गच गाळला. हैतीचे अभियंता जोसेफ लारोश या वर्गात होते, ते बुडाले. आंध्रात गुंटूरला जन्मलेली बारा वर्षांची रूथ बेकर याच वर्गात होती. आई आणि भावंडं अकरा नंबरच्या बोटीत गेली, ती तेरा नंबरच्या, आणि सगळे वाचले.

आणि ॲनी फंक. पेन्सिल्वेनियाच्या, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या या बाई १९०६ मध्ये भारतात आल्या आणि आज छत्तीसगडमध्ये असलेल्या जांजगीरला मुलींची शाळा चालवू लागल्या. आई आजारी असल्याची तार आली तशा त्या रेल्वेने मुंबईला आल्या आणि ‘पर्शिया’ बोटीने निघाल्या. इंग्लंडहून पुढे ‘हॅवरफोर्ड’ या जहाजाचं तिकीट होतं, पण कोळसा खाणकामगारांच्या संपामुळे ते निघेना, म्हणून वरचे पैसे भरून ‘टायटॅनिक’वर जागा घेतली. १२ एप्रिलला, जहाजावरच, त्यांना अडतिसावं वर्ष पूर्ण झालं. मुंबई बंदरातून सुरू झालेला त्यांचा प्रवास त्या जहाजाबरोबर संपला. गालिच्याची वीण, बशीवरचं चिन्ह, दारावरची पितळी मूठ जिथे मोजून घेतली, त्या तीन तासांत त्यांच्या वर्गाच्या जेवणघराचं दारसुद्धा उघडत नाही.